ओळख परेड आणि सामान्य माणसाचे कायदेशीर संरक्षण

(संस्थेच्या वतीने हिंगोली येथे झालेल्या कायदेविषयक मार्गदर्शन सभेतील व्याख्यान)



संयोजकांनी आम्हास कायद्याच्या एखाद्या विषयावर बोलण्यास सांगितले, तेव्हा जमिनीचा सातबारा, शिष्यवृत्ती, जातपडताळणी असे नेहमीचे विषय आमच्यासमोर होते. ते महत्त्वाचे आहेतच. परंतु ज्यावर सभेत कोणी बोलत नाही, आणि ज्यामुळे एखाद्या घराची राखरांगोळी होऊ शकते, असा एक विषय आम्ही आज मुद्दाम निवडला आहे. तो विषय म्हणजे पोलीस तपासातील ओळख परेड.

ओळख परेड हा शब्द आपण वर्तमानपत्रात वाचतो. अमुक दरोड्यातील आरोपींची ओळख परेड झाली, फिर्यादीने आरोपीस ओळखले, एवढे वाचून आपण पान उलटतो. पण ती परेड कशी होते, कोण घेतो, कोणत्या नियमाने घेतो, आणि ती नियमाने झाली नाही तर काय होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. आपण मात्र त्या परेडच्या रांगेच्या दोन्ही बाजूंना उभे असतो. कधी आपला माणूस आरोपी म्हणून रांगेत असतो, तर कधी आपलीच आई-बहीण समोर उभी राहून, आपल्या घरावर हल्ला करणाऱ्याकडे बोट दाखवत असते. म्हणून हा विषय केवळ आरोपीचा आहे असे कोणी समजू नये.

ओळख परेड म्हणजे काय?

एक साधे उदाहरण घेऊ. हळदीचा हंगाम आहे. एक शेतकरी हळद विकून रोख रक्कम घेऊन दिवेलागणीला गावाकडे निघाला आहे. वाटेत दोन अनोळखी इसम त्याला मारहाण करून पिशवी हिसकावतात. तो पोलीस ठाण्यात फिर्याद देतो. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. फक्त चेहरा पाहिलेला. पुढे पोलीस संशयावरून दोघांना अटक करतात. आता हेच ते दोघे, हे ठरवायचे कसे? नुसते पोलीस ठाण्यात बोलावून, "हाच का तो?" असे विचारले, तर बेड्या घातलेल्या माणसाकडे पाहून कोणीही "होय" म्हणेल. म्हणून त्या संशयितासारख्याच वयाच्या, बांध्याच्या, रंगरूपाच्या इतर माणसांत त्याला मिसळून उभे करतात, आणि त्यातून ओळखण्यास सांगतात. हीच ओळख परेड.

भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ९ मध्ये याचा आधार होता. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला असून त्याचे कलम ७ आता लागू आहे. अटक झालेल्या इसमाची ओळख पटवण्यासाठी न्यायालयाकडून आदेश घेण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ५४-अ म्हणून पुढे आली. ती आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५४ मध्ये आहे. कलमांचे आकडे बदलले, तत्त्व तेच राहिले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ओळख परेड हा स्वतंत्र आणि मूळ पुरावा नव्हे. साक्षीदार पुढे न्यायालयात शपथेवर उभा राहून जी ओळख पटवतो, तो मूळ पुरावा. परेड ही त्याला बळकटी देणारी गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने मलखानसिंग खटल्यात (२००३) हे पुन्हा स्पष्ट केले, आणि परेड झाली नाही एवढ्यानेच खटला पडत नाही असेही सांगितले. पण त्याच न्यायालयाने कानन विरुद्ध केरळ राज्य (१९७९) या खटल्यात बजावले होते की, अगदी अनोळखी माणसाला साक्षीदाराने पहिल्यांदाच, कित्येक दिवसांनी, थेट न्यायालयात ओळखले तर त्या ओळखीला फारशी किंमत नाही. कारण उघड आहे. कोर्टात आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभा असतो हे लहान मुलालाही कळते.

हिंगोलीचा जुना इतिहास

आपल्या हिंगोलीला बोट दाखवून माणूस ठरवण्याचा इतिहास नवा नाही. आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. पण हिंगोली हे गाव निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या छावणीचे गाव म्हणून फार पूर्वीपासून प्रसिद्ध होते. ठगांच्या बंदोबस्ताच्या काळात, म्हणजे १८३० च्या सुमारास, या छावणीच्या अगदी आवारात राहणारा हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी हा ठगांचा म्होरक्या निघाला. मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत ही हकीकत नोंदवली आहे. ज्याच्याशी अधिकारी रोजचा व्यवहार करीत, त्याचा खरा चेहरा त्यांना दिसला नव्हता.

त्या काळी ठग पकडण्याची मुख्य रीत माफीच्या साक्षीदारांची होती. पकडलेल्या ठगाला जीवदान द्यायचे आणि त्याने इतरांकडे बोट दाखवायचे. वेगवेगळ्या माफीच्या साक्षीदारांना वेगळे विचारून त्यांचे म्हणणे ताडून पाहिले जाई, एवढी काळजी त्यात होती. परंतु ज्याच्याकडे बोट गेले त्याच्या बाजूने बोलायला वकील नव्हता. आणि १८३६ च्या कायद्याने तर नुसते ठगांच्या टोळीत असल्याचे सिद्ध झाले तरी जन्मठेप सांगितली होती.

ही विचारसरणी तेथेच थांबली नाही. १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आला, आणि बोट एका माणसाकडे न जाता संपूर्ण जमातीकडे गेले. मूल जन्मले की ते गुन्हेगार. ब्रिटिश मुलुखात लाखो लोकांनी पोलीस पाटलाकडे आणि ठाण्यात हजेऱ्या दिल्या. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, आणि त्या जमाती विमुक्त म्हणवल्या गेल्या. कायदा गेला, पण संशय गेला काय? त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रातील एका खटल्यात आहे. तो आज सविस्तर सांगणे आम्हास अगत्याचे वाटते.

नाशिकचा खटला

जून २००३ मध्ये नाशिकजवळ शेतात वस्ती करून राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला. घरातील एका मुलीवर अत्याचार झाला. त्या कुटुंबातील आई आणि एक मुलगा गंभीर जखमी होऊन वाचले. तेच दोघे प्रत्यक्षदर्शी साक्षीदार. त्या माउलीच्या डोळ्यांदेखत जे घडले त्याची कल्पनाही करवत नाही.

पुढे पोलिसांनी भटक्या जमातीतील सहा जणांना पकडले. मजुरी करून पोट भरणारी ती माणसे. त्यांची नावे निकालपत्रात आहेत. आम्ही ती येथे घेत नाही, कारण त्यांना आता तरी शांतपणे जगू द्यावे. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. म्हणजे देशातील सर्वांत मोठ्या न्यायालयापर्यंत सर्वांनी हीच ती माणसे असे मानले.

त्यानंतर फेरविचार झाला, आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले. असे काय सापडले? घटनेनंतर दोनच दिवसांनी, म्हणजे ७ जून २००३ रोजी, त्या जखमी माउलीला पोलिसांच्या संग्रहातील गुन्हेगारांची छायाचित्रे दाखवण्यात आली होती. तिने त्यांतून चार जण ओळखले होते. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर तसा जबाबही झाला होता. आणि हे चौघे त्या सहा आरोपींपैकी कोणीच नव्हते! त्या चौघांचा तपास झाला नाही. ती गोष्ट बाजूला ठेवण्यात आली. नंतर जी ओळख पटवली गेली, तिच्यावर सहा जणांच्या फाशीचा डोलारा उभा राहिला.

न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट शब्दांत मांडली. आरोपी भटक्या जमातीतील, समाजाच्या तळच्या थरातील, अत्यंत गरीब मजूर आहेत. अशा माणसांना खोटेपणाने गोवले गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असा त्याचा आशय आहे. न्यायालयाने प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, चुकार अधिकाऱ्यांवर खातेनिहाय कारवाईबाबत निर्देश दिले आणि त्या चौघांच्या बाबतीत पुढील तपास करण्यासही सांगितले.

बंधू-भगिनींनो, जवळजवळ सोळा वर्षे ही माणसे तुरुंगात होती, आणि त्यांतील कित्येक वर्षे फाशीच्या छायेत. त्यांच्यातील एकजण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. ५ लाखांना सोळा वर्षांच्या दिवसांनी भागून पाहा. दिवसाला नव्वद रुपयेही येत नाहीत. रोजगार हमीच्या मजुरीपेक्षा कमी.

आणि त्या माउलीचे काय? तिचे अर्धे घर गेले. तिने प्रथम ज्या चार जणांकडे बोट दाखवले, त्यांची चौकशी वेळेवर झाली नाही. सोळा वर्षांनी तिला कळले की शिक्षा झालेले सुटले. या खटल्यात आरोपीवर अन्याय झाला तसाच फिर्यादीवरही झाला. चुकीच्या ओळखीने एक निरपराध आत जातो, तेव्हा एक अपराधी बाहेर मोकळा फिरत असतो, हे आपण कधीही विसरू नये.

प्रामाणिक साक्षीदारही चुकतो

पुष्कळांना वाटते, साक्षीदार चुकीचा माणूस दाखवतो म्हणजे तो खोटे बोलतो. तसे नाही. तो मनापासून खरे बोलत असतो आणि तरीही चुकलेला असतो. डोळा म्हणजे कॅमेरा नव्हे. अंधार, भीती, काही क्षणांची गाठ, समोर रोखलेले हत्यार, या सर्वांत माणसाची नजर चेहऱ्यावर कमी आणि सुऱ्यावर जास्त असते. पुढे कोणी छायाचित्र दाखवले, कोणी नाव सुचवले, की स्मरणात तोच चेहरा जाऊन बसतो. दर वेळी सांगताना खात्री वाढत जाते. खात्री वाढली म्हणजे अचूकता वाढली असे मात्र नाही.

इंग्लंडात ॲडॉल्फ बेक नावाच्या गृहस्थाला १८९६ साली अनेक स्त्रियांनी, आम्हाला फसवणारा तो हाच, असे सांगून ओळखले. त्याने शिक्षा भोगली. सुटल्यावर १९०४ साली पुन्हा तशाच आरोपावरून, तशाच ओळखीवरून तो दोषी ठरला. तो कोठडीत असतानाच तसाच गुन्हा पुन्हा घडला आणि खरा भामटा सापडला. एवढ्या स्त्रिया खोटे बोलत होत्या काय? नाही. त्या सर्व चुकल्या होत्या. त्या प्रकरणाने इंग्लंड हादरले आणि १९०७ साली तेथे फौजदारी अपिलाचे स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९८४ साली एका तरुणीवर अत्याचार झाला. तिने हल्लेखोराचा चेहरा निश्चयपूर्वक लक्षात ठेवला होता. तिने आधी छायाचित्रांतून आणि नंतर रांगेतून रोनाल्ड कॉटन या माणसाला ओळखले. पण छायाचित्रांत आणि रांगेत असे दोन्हीकडे असलेला तो एकटाच होता! दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढल्यावर १९९५ साली डीएनए तपासणीने तो निर्दोष ठरला, आणि खरा गुन्हेगार दुसराच निघाला. त्या देशात डीएनए तपासणीने निर्दोष सुटलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक खटल्यांत चुकीची ओळख हे एक कारण होते. शिकलेल्या, साधनसंपन्न देशात हे घडते, तर आपल्याकडे किती काळजी हवी!

परेड कशी झाली पाहिजे?

आता कामाची गोष्ट. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत परेडविषयी मार्गदर्शक सूचना आहेत, आणि निरनिराळ्या निकालांनी त्यांत भर घातली आहे. त्या आम्ही सोप्या भाषेत सांगतो.

पहिली गोष्ट, परेड पोलिसांनी घ्यायची नसते. कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे बहुधा तहसीलदार किंवा नायब तहसीलदार, दोन प्रतिष्ठित व निष्पक्ष पंचांसमक्ष ती घेतात. मुंबईतील लॉईड्स बँकेवर १९५१ साली पडलेल्या दरोड्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा हे तत्त्व पक्के झाले. पोलिसांच्या देखरेखीखाली साक्षीदाराने दाखवलेले बोट हा पोलिसांसमोरचा जबाब ठरतो, आणि तसा जबाब पुरावा म्हणून चालत नाही. म्हणून परेड सुरू असताना पोलिसांनी त्या जागेतून पूर्णपणे बाजूला झाले पाहिजे.

दुसरी गोष्ट, माणसांची संख्या. एक संशयित असेल तर त्याच्यासोबत किमान सहा इतर माणसे, दोन संशयित असतील तर दहा-बारा. एका परेडमध्ये दोनपेक्षा अधिक संशयित उभे करू नयेत.

तिसरी गोष्ट, सारखेपणा. रांगेत उभी केलेली डमी माणसे वय, उंची, बांधा, वर्ण यांत संशयिताशी मिळतीजुळती हवीत. संशयित वीस वर्षांचा कृश मजूर आणि बाकीचे चाळिशीचे धष्टपुष्ट बाबू, अशी रांग लावली तर ती परेड नव्हे. त्याच्या गालावर व्रण असेल, तर इतरांच्याही गालावर तेवढ्याच जागी चिकटपट्टी लावून तो झाकला पाहिजे.

चौथी गोष्ट, आधी दर्शन नको. अटकेपासून परेडपर्यंत संशयिताचा चेहरा झाकलेला असावा. साक्षीदाराला तो ठाण्यात, कोर्टाच्या आवारात किंवा छायाचित्रात दिसता कामा नये. साक्षीदारांना वेगळ्या खोलीत बसवून एकेकालाच बोलवावे, आणि ओळख देऊन आलेल्याची उरलेल्यांशी गाठ पडू देऊ नये.

पाचवी गोष्ट, संशयिताचा हक्क. रांगेत कोठे उभे राहायचे हे त्याने ठरवावे. प्रत्येक साक्षीदारानंतर त्याला जागा बदलता येते, कपडे बदलता येतात. दंडाधिकाऱ्याने त्याला हे समजावून सांगितले पाहिजे आणि त्याची हरकत असेल तर ती लिहून घेतली पाहिजे.

सहावी गोष्ट, लेखी नोंद. कोण साक्षीदार, त्याने काय पाहून ओळखले, किती वेळ घेतला, कोणाला चुकीचे ओळखले, हे सर्व निवेदनात यावे. चुकीची ओळख लपवणे म्हणजे नाशिकच्या खटल्याची पुनरावृत्ती करणे होय.

सातवी गोष्ट, वेळ. कायद्याने दिवस ठरवून दिलेले नाहीत; पण परेड अटकेनंतर शक्य तितक्या लवकर व्हावी. उशीर झाला तर त्याचे समाधानकारक कारण न्यायालय मागते.

साक्षीदार अपंग असेल, अंध किंवा मूकबधिर असेल, तर त्याच्यासाठी वेगळी तरतूद आहे. अशी ओळख दंडाधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, त्या व्यक्तीला सोयीच्या पद्धतीने व्हावी आणि तिचे ध्वनिचित्रमुद्रण व्हावे, असे संहिता सांगते.

आपण आरोपी असलो तर

काही जण विचारतात, परेडला उभे राहायचे नाही असे म्हणता येते का? स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, असा मूलभूत हक्क संविधानाच्या अनुच्छेद २०(३) ने दिला आहे. पण रांगेत उभे राहणे ही साक्ष नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने मुकेश सिंग खटल्यात २०२३ साली सांगितले. तेव्हा नुसता नकार देऊ नये. मात्र साक्षीदारांना आपल्याला आधीच दाखवले असेल, छायाचित्र काढून फिरवले असेल, तर ते कारण दंडाधिकाऱ्यासमोर सांगावे आणि लिहून घेण्यास सांगावे. रिमांडच्या वेळीही न्यायाधीशांना सांगता येते. मुक्याने सहन केले की ते कागदावर येत नाही, आणि जे कागदावर नाही ते कोर्टात नाही.

अनुच्छेद २२ प्रमाणे अटकेचे कारण कळणे, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेणे आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर होणे हा हक्क आहे. वकिलाला द्यायला पैसे नाहीत, असे कोणी म्हणू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया, बालके आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. ऊसतोडीला गेलेला आपला माणूस परजिल्ह्यात संशयावरून पकडला गेला, तर घरच्यांनी पहिल्या दिवशी हे करावे. पुढाऱ्याच्या दारात तीन दिवस बसू नये.

आपण फिर्यादी असलो तर

आता दुसरी बाजू. आपल्या वस्तीवर हल्ला होतो, तेव्हा हल्लेखोर बहुधा गावचेच, नावाने ओळखीचे असतात. ओळखीच्या माणसासाठी परेडची गरज नसते. पण मग त्याचे नाव पहिल्याच फिर्यादीत आले पाहिजे. "गावातील लोकांनी मारले" एवढेच लिहिले आणि महिन्याने नावे सांगितली, तर बचाव पक्ष तेथेच बोट ठेवतो. जमाव मोठा असेल तर कोणी काय केले हे ज्याने जेवढे पाहिले तेवढेच सांगावे. मोठ्या जमावाच्या खटल्यात दोन, तीन किंवा अधिक साक्षीदारांनी एकसारखी ओळख पटवलेल्यांनाच दोषी धरावे, असा सावधगिरीचा दंडक सर्वोच्च न्यायालयाने मसालती खटल्यात (१९६४) मान्य केला आहे. रागाच्या भरात न पाहिलेल्या चार जणांची नावे घातली, तर पाहिलेले दोघेही सुटतात. हे कटू आहे, पण खरे आहे.

हल्लेखोर बाहेरगावचे, अनोळखी असतील तर परेड व्हावी असा आग्रह आपणच धरावा. आणि त्यापूर्वी कोणी आपल्याला छायाचित्र दाखवून, "हाच ना?" असे विचारत असेल, तर नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा. ती मदत नव्हे. आपला खटला पोखरणे आहे. परेडला गेल्यावर घाबरू नये. रांगेत तो माणूस असेलच असे नाही, हे मनाशी पक्के करावे. ओळख पटली नाही तर "पटली नाही" म्हणावे. कोणाला तरी दाखवलेच पाहिजे, असे बंधन कायद्याने घातलेले नाही.

अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या कलम १५-अ ने पीडित व साक्षीदार यांना संरक्षणाचा आणि आपल्या खटल्याची माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेलाही मान्यता दिली. दबाव आला तर अर्ज करावा.

आपण पंच किंवा डमी असलो तर

तरुणांना आमचे विशेष सांगणे आहे. परेडसाठी डमी म्हणून किंवा पंच म्हणून बोलावले तर जावे. आपण गेलो नाही, तर कोणालाही उभे केले जाते. पंचाने कोऱ्या कागदावर सही करू नये. जे डोळ्यांनी पाहिले तेच वाचून, समजून सही करावी. रांगेतील माणसे मिळतीजुळती नसतील, पोलीस आत उभे असतील, तर तसे तेथेच दंडाधिकाऱ्यास सांगावे. एक प्रामाणिक पंच एका माणसाचे आयुष्य वाचवू शकतो.

मोबाईलवरील ओळख परेड

शेवटी एक इशारा. आज प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, आणि प्रत्येक गावात रोज एक ओळख परेड भरते. तेथे दंडाधिकारी नाही, पंच नाही, वकील नाही. कोणी तरी एक छायाचित्र टाकतो आणि लिहितो, हा चोर आहे, ही मुले पळवणारी टोळी आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे काय झाले ते आठवा. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील, भिक्षा मागून जगणारे पाच जण बाजारच्या दिवशी तेथे आले होते. मुले पळवणारे समजून जमावाने त्यांना ठार मारले. तीही ओळखच होती, आणि ती पूर्णपणे चुकीची होती. ज्यांनी मारले तेही गरीबच होते.

गावात परका माणूस दिसला तर पोलीस पाटलास कळवावे, पोलिसांस फोन करावा. छायाचित्र पुढे पाठवू नये. ज्या समाजाने शतकानुशतके आपल्या जन्मावरून, वस्तीवरून आणि कपड्यांवरून केलेली चुकीची ओळख सोसली, त्या समाजाच्या हातून तरी दुसऱ्याची चुकीची ओळख होऊ नये.

पूज्य बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर होते. न्यायालयात पुराव्याचा शब्द न् शब्द तोलून बोलणारे. त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या संविधानाने अटक झालेल्या सर्वांत लहान माणसालाही वकील दिला, कारण दिले, चोवीस तासांची मर्यादा दिली. हे हक्क पुस्तकात ठेवून पूजा करण्यासाठी नाहीत. संस्थेच्या कार्यकर्त्यांनी प्रत्येक तालुक्यात निदान दोन तरुण असे तयार करावेत की, ज्यांना फिर्यादीची प्रत मागता येते, मोफत वकिलाचा अर्ज लिहिता येतो आणि रिमांडच्या दिवशी कोर्टात जाऊन बसता येते. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ, सेनगाव या पाच तालुक्यांत मिळून दहा तरुण. एवढे काम वर्षभरात होण्यासारखे आहे, आणि त्यासाठी लागेल ती मदत करण्यास आम्ही तयार आहोत.



जय भीम! जय संविधान!